सहाव्या नंबरची खुंटी

दुसरी पृथ्वी सापडल्याची बातमी हल्ली वर्षातून दोन-चारदा तरी येते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. पेपरात निळ्या-हिरव्या गोळ्याचं चित्र असतं. ते कुणीतरी कल्पनेनं काढलेलं असतं, पण तसं खाली लिहायची तसदी कुणी घेत नाही. मग जुने विद्यार्थी फोन करतात, "बाई, तुमचा आवडता विषय आलाय बघा." मी हो-हो म्हणते आणि फोन ठेवते. कसला आवडता विषय! यांना मुळातली हकिगत माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, ती माणसं मला फोन करत नाहीत.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नगरजवळ केडगावात खोली भाड्यानं घेऊन मी राहत होते आणि पुणे रस्त्यानं थोडं पुढं जाऊन आत वळलं की लागणाऱ्या एका गावातल्या शाळेत विज्ञान-गणित शिकवत होते. नोकरी प्रोबेशनवर. दोन वर्षं पुरी झाली आणि मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर कायम, नाहीतर मे महिन्यात घरी. घर पुणतांब्याला. आम्ही बौद्ध, नावावर जमीन नाही. वडील दुसऱ्यांच्या मळ्यांत राबले. आई ज्वारीच्या काढणीला जायची आणि मजुरीची कणसं पाटीत घेऊन यायची, त्यावर आम्ही भावंडं वाढलो. घरातली पहिली पगाराची नोकरी माझी होती, त्यामुळे ती टिकवायची यापलीकडे त्या दोन वर्षांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

सुरुवात झाली ती संस्थेच्या अध्यक्षांच्या भाषणानं. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आमच्यापासून फार लांब नसलेल्या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात, असा शोध तेव्हा नुकता लागलेला होता आणि अध्यक्षांनी ते पेपरात वाचलेलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते पाऊण तास बोलले. ही पृथ्वी आता जुनी झाली, पाणी संपत आलं, पण घाबरायचं कारण नाही, आपल्या शाळेची मुलं उद्या दुसऱ्या ताऱ्याच्या पृथ्वीवर जाऊन राहतील, तिथं शेती करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. मी बक्षिसांची यादी हातात धरून कडेला दात-ओठ खात उभी होते. त्या वेळी सापडलेले जवळपास सगळे ग्रह गुरूसारखे अवाढव्य होते, तिथं पाय ठेवायला जमीनच नव्हती, शेती कुठली करतात! आणि आपल्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याला एखादा ग्रह आहे की नाही, हेसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला अध्यक्षच येणार होते.

"थर्माकोलचं यान करा, चांगलं पुरुषभर उंचीचं," ते म्हणाले. "वर लिहा, चला दुसऱ्या पृथ्वीवर. साहेबांना बरं वाटेल."

"सर, पण ते खोटं आहे."

"बाई, थर्माकोलचं सगळं खोटंच असतं. तुम्ही अहवालाच्या वर्षात आहात, जरा डोकं थंड ठेवा."

मी डोकं थंड ठेवलं नाही. अध्यक्षांचं तोंड बंद करायचं, आणि तेही आकडे दाखवून, असं मी सरांच्या खुर्चीसमोर उभी असतानाच ठरवलं. मी म्हटलं, यान करते, पण त्यासोबत अंतराचा नमुनाही करते, म्हणजे मुलांना कळेल की हा प्रवास किती मोठा आणि किती शौर्याचा आहे. शौर्य म्हटल्यावर सरांनी मान हलवली. खर्च फक्त एका नारळाचा आणि काही बाभळीच्या खुंट्यांचा आहे, हे ऐकल्यावर तर ते खूशच झाले.

नमुना सोपा होता. शाळेच्या फाटकापाशी एक नारळ ठेवायचा, तो सूर्य. त्या मापात पृथ्वी येते पंधरा मीटरवर आणि तिचा आकार राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. चंद्र तिच्यापासून दोन-अडीच बोटं लांब. माणूस आजवर कुठं गेला असेल तर तेवढाच, अडीच बोटं. गुरू मैदानाच्या कुंपणाशी, शनी कुंपणापलीकडं दीडशे मीटरच्या जरा आत, प्लूटो सहाशे मीटरवर. तेव्हा तो अजून ग्रहांत धरला जायचा. अमेरिकेनं सोडलेलं एक यान वीस वर्षं ताशी साठ हजार किलोमीटरच्या वेगानं न थांबता पळत होतं, ते आमच्या मापात एक किलोमीटरवर पोचलं होतं. आणि सगळ्यांत जवळचा तारा, म्हणजे दुसरा नारळ, चार हजार किलोमीटरवर. नगरहून दिल्लीला दोनदा जायचं आणि दोनदा परत यायचं, साधारण तेवढं अंतर. त्या यानाच्या वेगानं तिथं पोचायला लागणार पंचाहत्तर हजार वर्षं.

हे सगळं मी मोठ्या तक्त्यावर लिहिलं आणि लिहिताना मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वेग दहापट केला तरी साडेसात हजार वर्षं. वेग वाढवायला इंधन हवं, ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन हवं, आणि तिथं पोचल्यावर थांबायचं असेल तर त्यासाठी वेगळं. नाहीतर त्या दुसऱ्या पृथ्वीच्या शेजारून नुसतं पुढं निघून जायचं. वाटेत पाणी नाही, हवा नाही, दुरुस्तीला कुणी नाही. निघालेली माणसं वाटेत मरणार, त्यांची मुलं मरणार, नातवंडं मरणार. जे कुणी पोचतील त्यांना आपण का निघालो होतो हेही माहीत नसेल. त्यांनी 'पोचलो' एवढं कळवलं तरी तो निरोप इथं यायला सव्वाचार वर्षं. प्रत्येक ओळीखाली मी लाल रेघ मारली. अध्यक्षांचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून मारली.

खुंट्यांवर काय लिहायचं, असा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "शनी कुणाच्या रानात येतोय?"

"कुंपणापलीकडच्या ज्वारीत."

"मग नावं लिहू नका. आपल्या जिल्ह्यात कुणाच्या रानात शनी ठोकला, तर माणूस सकाळी तेलाची वाटी घेऊन येईल, नाहीतर कुऱ्हाड घेऊन. नुसते नंबर टाका."

मला ते पटलं. विज्ञानाची शिक्षिका असून पटलं, कारण वाद घालायला वेळ नव्हता. मुलींनी खुंट्यांना चुना फासला, शाळेच्या भिंतीचा उरलेला तांबडा रंग घेऊन त्यांवर नऊ ग्रहांचे एक ते नऊ आणि अमेरिकेच्या यानाचा दहा असे आकडे काढले. खुंट्या रस्त्याच्या कडेनं ठोकता आल्या असत्या, एका सहकाऱ्यानं तसं सुचवलंही होतं. मी म्हटलं, रस्ता वळतो, अंतर सरळच मोजलं पाहिजे. माझाच हट्ट. सरपंचांच्या कानावर घातलंय असं मुख्याध्यापक म्हणाले होते, ते खरं होतं की नाही, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

तर अशी मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नववीच्या मुली घेऊन, हातात टेप आणि काखेत वही घेऊन, लोकांच्या रानांतून नाकासमोर सरळ निघाले. कुंपणापलीकडचं अडीच एकराचं रान एका पन्नाशीच्या शेतकऱ्याचं होतं. ज्वारी माझ्या खांद्यापर्यंत आली होती आणि कणसं बाहेर पडत होती. सहा नंबरची, म्हणजे शनीची, खुंटी त्याच्या बांधाजवळ, सात नंबरची पार पलीकडच्या टोकाला. नोंद व्यवस्थित व्हावी म्हणून मी त्याला हाक मारून त्याच्या रानाचा गट नंबर विचारला आणि वहीत लिहून घेतला. आज हे लिहिताना माझाच मला संताप येतोय. गट नंबर! शनी कुठल्या गटात येतो, याच्याशी कुणाला काय घेणं होतं?

त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "बाई, हे कशाचं चाललंय?"

उन्हं वर आली होती, टेप ज्वारीच्या ताटांत अडकत होता, अजून तीन खुंट्या राहिल्या होत्या.

"मोजणी चाललीय," मी म्हटलं.

"कुटपातूर जानार?"

"लांब जाणार."

"पर माज्या रानातनं का?"

आणि मग मी ते वाक्य बोलले. "सरकारी काम आहे, अडवू नका." प्रदर्शन शिक्षण खात्याच्या वेळापत्रकातलं होतं, तेव्हा ओढूनताणून ते खरंही ठरवता आलं असतं. पण मी ते खरं म्हणून बोलले नव्हते. त्याला गप्प करायला बोलले होते. जन्मभर असल्या बांधांवर माझ्या आईबापांना गप्प केलं गेलं होतं आणि एकदा तरी मला उलटं करायचं होतं, असंही असेल. तो खरंच गप्प झाला. टेप धरलेल्या दोन मुलींनी माझ्याकडं पाहिलं आणि टेप पुढं ओढला.

पुणे रस्ता वळवणार, आत कुठूनतरी नवा रस्ता जाणार, अशी चर्चा त्या भागात चालूच होती. मी केडगावात राहणारी, मला ती रोज कानावर येत होती. जिरायती रान गेलं तर मोबदला वेगळा आणि फळबाग गेली तर वेगळा, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मोजणीच्या खुंट्या दिसल्या की पंचनाम्याआधी रोपं लावून टाकायची, हेही लोक शिकले होते. सहा नंबरवाल्यानं तेच केलं. दोन दिवसांत उभी ज्वारी हिरवी कापून वैरणीला घातली, राहुरीकडून डाळिंबाची रोपं आणली आणि खड्डे घ्यायला लागला. नऊ नंबरवाल्यानं पत्र्याची शेड उभी केली, पण त्याच्या पिकाला काही झालं नाही. मी नववीच्या वर्गाच्या खिडकीतून ते मोकळं झालेलं रान पाहिलं. वैरण कमी पडली असेल, असं मनाशी म्हटलं आणि फळ्याकडं वळले. जाऊन विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी काय झालं तेही सांगते, नाहीतर लोकांना वाटेल की निदान अध्यक्षांचं तोंड तरी बंद झालं. फाटकापाशी स्टुलावर हळदीनं पिवळा केलेला माझा सूर्य ठेवलेला. अध्यक्ष गाडीतून उतरले. हळद लावलेला नारळ समोर दिसल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? त्यांनी तो उचलला, पायरीवर आपटला, पाणी चारी दिशांना शिंपडलं आणि कुणीतरी लगेच "उद्घाटन झालं" म्हणून टाळ्या सुरू केल्या. शिपायानं सूर्याचे तुकडे करून गूळ घालून वाटले. मलाही एक तुकडा मिळाला. तक्त्यासमोर अध्यक्ष अर्धा मिनिट उभे राहिले आणि म्हणाले, "छान. पंचाहत्तर हजार वर्षं. आपल्या मुलांत तेवढी जिद्द आहे." मग थर्माकोलच्या यानाशेजारी फोटो काढून घेऊन ते गेले.

तक्ता बघायला आलेल्या गावकऱ्यांकडून मात्र खुंट्यांचं खरं कारण गावभर झालं. त्या संध्याकाळीच सहा नंबरवाल्याला पारावर लोकांनी घेरलं म्हणे. काय पाटील, ताऱ्याच्या रस्त्याला जमीन दिली का? डाळिंबं कुठल्या ग्रहावर धाडणार? तो नगरला मोजणी कार्यालयात जाऊन विचारून आला, तिथंही हसले. मग त्यानं ठरवलं की ग्रामसभेत विचारायचं.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर. मुली पांढऱ्या गणवेशात गाणं म्हणायला आलेल्या, त्या तिथंच कडेला बसून राहिल्या. पाहुणे म्हणून अध्यक्षही खुर्चीवर होते. मुख्याध्यापक माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "तुम्ही त्याला काही बोलला असाल तर ते इथं सांगत बसू नका. मी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. अहवाल पुढच्या महिन्यात जायचाय."

तो उभा राहिला. ओरडला नाही. "मी बाईंना इच्यारलं हुतं," तो म्हणाला. "बाई म्हनल्या, सरकारी काम हाय, अडवू नगा. त्येंनी गट नंबर लिवून घेतला. म्हनून मी ज्वारी काडली. न्हाईतर म्या काय येडा हाय व्हय, कनसं भरायच्या टायमाला काडायला?"

सरपंच माझ्याकडं वळले. "बाई, असं म्हनला हुता का तुमी?"

"नाही," मी म्हटलं. "शाळेचं काम आहे, असं मी सांगितलं होतं. यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

आवाज अजिबात कापला नाही. टेप धरलेल्या त्या दोघी मुली समोरच बसल्या होत्या. एकीनं मान खाली घातली आणि दुसरी माझ्याकडं बघतच राहिली. मी त्यांच्यावरून नजर पुढं नेली. त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला होता, हे लिहायला हवं. मला खोटं बोलायला लावलं म्हणून त्याचाच राग आला होता.

अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, एकदा सगळ्यांना समजावून सांगा, म्हणजे शंका नको." मग मी समजावून सांगितलं. नारळ, राजगिऱ्याचा दाणा, अडीच बोटं, दहा नंबरचं यान, दिल्लीच्या दोन फेऱ्या. मी चांगलं शिकवते, त्या दिवशीही चांगलं शिकवलं. लोक हसत होते, आणि हसताना सगळे त्याच्याकडं बघत होते. कुणीतरी ओरडलं, "पाटील, मोबदला आणायला जावा की आता वर!" तो उभाच होता. खाली बस म्हणून कुणी त्याला सांगितलं नाही.

हसणं जरा कमी झाल्यावर तो म्हणाला, "बाई, येक इच्यारू?"

"विचारा."

"किती वरसं लागत्याल म्हनला तितं जायाला?"

"पंचाहत्तर हजार."

"आन् तितं कोन वाट बगतंय का आपली?"

"नाही. कुणी नाही."

"मंग माज्या ज्वारीला दोनच म्हयनं ऱ्हायलं हुतं, बाई," तो म्हणाला. "तेवडं थांबायचं हुतं की."

मी हातातल्या वहीची पानं चाळायला लागले. थांबता आलं असतं. प्रदर्शन मैदानातही झालं असतं, खुंट्या रस्त्याच्या कडेनंही गेल्या असत्या, मार्चमध्ये रान मोकळं झाल्यावर मुलींना घेऊन कितीही सरळ रेषा मारता आल्या असत्या. फक्त तोवर माझा अहवाल जाऊन चुकला असता. सरपंचांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला, तो नळाच्या पाइपलाइनचा होता.

मे महिन्यात कायम झाल्याचं पत्र आलं. माझी कामातली तत्परता पाहून संस्थेनं हा निर्णय घेतला आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी सही करून ते पत्र घेतलं.